तिप्पण्णाच्या खिळ्यावरचे दोरे

आमच्या गिरणीच्या दवाखान्यात तीन औषधं होती. लाल, पिवळं आणि 'उद्या ये'. पहिली दोन बाटलीत असायची, तिसरं तिप्पण्णाच्या तोंडात. गुण कशाचा जास्त यायचा हे तिथं अकरा वर्षं कारकुनी करूनही मला सांगता येणार नाही. खप मात्र तिसऱ्याचा जास्त होता.

तिप्पण्णा हा तिथला ड्रेसर, म्हणजे मलमपट्टी करणारा. माणूस अक्कलकोटच्या पलीकडचा. घरी कानडी बोलायचा, दवाखान्यात मराठी, आणि चिडला की दोन्ही भाषा सोडून गप्प बसायचा. वय पन्नाशीचं, चेहरा सत्तरीचा. सकाळचा पहिला भोंगा व्हायच्या आत तो आपल्या स्टुलावर येऊन बसलेला असे, आणि बसताना असा एक सुस्कारा टाकी की दिवस आत्ताच संपला आहे असं वाटावं. तो दमलेला दिसे असं म्हणणं बरोबर नाही. एखाद्याचा रंग सावळा असतो तसा दमणं हा त्याचा वर्णच होता.

इन्फ्लुएन्झाच्या साथीत त्याची बायको गेली, तेव्हा तो सरकारी छावणीत लोकांची अंगं पुसायचं काम करत होता. बायकोचं अंग पुसायला मात्र पोचला नाही. एवढंच त्यानं मला एकदा सांगितलं, आणि लगेच कापूस संपल्याची तक्रार केली. दुसरं लग्न केलं नाही. का, असं विचारलं तर म्हणायचा, "भाऊसाहेब, पट्ट्या बांधून हात इतकं दुकतात की मुंडावळ्या कोण बांधून घेणार?"

या माणसाची एक खोड होती. जखम केवढी आहे हे तो फुटपट्टीनं मोजत नसे. पट्टीवरच्या रेघा त्याला नीट दिसत नसाव्यात असा माझा संशय आहे, पण त्याचं म्हणणं असं की लाकडाची पट्टी जखमेजवळ नेली की माणूस आखडतो, आणि सुताला गिरणीतला माणूस बिचकत नाही. त्याच्या कोटाच्या खिशात सुताचं एक रीळ असे. जखमेशेजारी दोरा धरायचा, जखमेच्या लांबीएवढ्यावर गाठ मारायची, वर एक फास ठेवायचा, आणि दोरा भिंतीवरच्या खिळ्याला अडकवायचा. गाठीपासून खाली लोंबेल तेवढी जखम. प्रत्येक रोग्याला खाली खडूनं नाव लिहिलेला एक खिळा, रोज एक नवा दोरा कालच्या शेजारी. बरा होणाऱ्या माणसाचे दोरे दिवसागणिक आखूड होत जायचे, आणि आठ-दहा दिवसांत खिळ्यावर मोडक्या फणीसारखं काहीतरी तयार व्हायचं. मी ते दोरे मोजून आकडे वहीत चढवायचो. म्हणजे दवाखान्याचं खरं दप्तर भिंतीवर होतं, आणि माझ्याकडे त्याची नक्कल.

त्या भिंतीकडे बघून बघून तिप्पण्णाच्या डोक्यात एक गोष्ट बसली होती. एका वर्षी विणकाम खात्याची दुसरी पाळी बंद होणार अशी आवई उठली. महिनाभर कुणाला काही कळेना. त्या महिन्यात विणकाम खात्याच्या खिळ्यांवरचे दोरे आखूड होईनात. सूतकताईवाल्यांचे नेहमीसारखे होत होते. मग पाळी बंद होणार नाही अशी नोटीस लागली, आणि त्या आठवड्यात विणकाम खात्याचे दोरे एकदम भराभर तोकडे झाले.

"मलम तेच," तिप्पण्णा बोटं मोडत मला म्हणाला. "हात माझाच. भाकरी दोगांचीबी जवारीची. मग फरक कशाचा?"

"कशाचा?"

"काळजीचा," तो म्हणाला. एखाद्या नव्या जंतूचं नाव सांगावं तसा.

ही त्याची विद्या डॉक्टरांच्या कानावर घालायची त्याची छाती नव्हती. डॉक्टर तरुण होते, मुंबईहून आलेले, स्वच्छ कॉलरचे. चांगले होते. पण पोष्टानं येणारी विलायती मासिकं वाचायचे, आणि मासिकं वाचणाऱ्यापुढं दोऱ्याची काय कथा.

सदतीस सालची दिवाळी झाली आणि केराबाई आली.

केराबाई रिळाच्या खात्यातली. तिथं कांड्यांवरचं सूत मोठ्या फिरत्या रिळावर घेऊन त्याच्या लडी करतात. दिवसभर काम एकच, तुटलेलं टोक शोधायचं आणि सांधायचं. बाई तिशीची असेल. नवरा गुंडा माळशिरसकडं मेंढरं घेऊन गेला त्याला चार वर्षं झाली होती. मेंढरांची खबर यायची, त्याची यायची नाही. घरात सासू आणि दोन पोरी. ही जागा मिळायच्या आधी तिनं दोन वर्षं रोज सकाळी दरवाजावर बदली म्हणून उभं राहून काढली होती. कुणी आलं नाही तर काम, सगळे आले तर घरी परत. दोन वर्षं दुसऱ्याच्या आजारपणाची वाट बघून मिळालेली जागा होती ती.

आणि त्या जागेवर रिळाची फळी फुटली आणि लाकडाची फास तिच्या उजव्या अंगठ्याच्या बुडाशी घुसली. हात सुजला. डॉक्टरांनी चीर देऊन फास काढली, पू काढला, आणि जखम तिप्पण्णाच्या स्वाधीन केली. पहिला दोरा खिळ्याला लागला तेव्हा जखम चिंचोक्याएवढी होती.

आमच्या गिरणीचा नियम असा होता: जखमी कामगाराची जागा एकवीस दिवस राखून ठेवायची. एकविसाव्या दिवशी डॉक्टरांचा 'बरा' असा शेरा घेऊन माणूस हजर झाला तर ठीक. नाहीतर बाविसाव्या दिवशी जागा बदलीला, आणि जखमीचं नाव पुन्हा दरवाजावरच्या गर्दीत. नियम करणारा माणूस दुष्ट नसावा. त्यानं एकवीस दिवस भरपूर आहेत असा हिशेब केला असेल. हाताला मात्र हा हिशेब कुणी सांगितला नव्हता.

केराबाई रोज सकाळी येई, हात पुढं करी आणि पट्टी सुटायच्या आत विचारी, "किती दिस राह्यले, मामा?"

"चवदा."

दुसऱ्या दिवशी, "किती दिस राह्यले?"

"काल चवदा हुते की गं. आज तेरा. उद्या काय पंधरा हुतील व्हय?"

ती हसायची नाही. दोऱ्याकडं बघायची. दोरा कालच्याएवढाच असायचा. डोळ्याखाली काळं झालेलं, ओठ फुटलेले. झोप लागते का विचारलं तर म्हणायची, "लागती की. दिवस उगवायला लागती."

भर म्हणून रिळाच्या खात्याची नायकीण, म्हणजे बायकांवरची मुकादम, म्हाळसाबाई रोज डोकावून जायची. केराबाईच्या जागेवर बदली म्हणून तिनं आपल्या बहिणीच्या पोरीला उभी केली होती. बाई वाईट नव्हती. आपल्या माणसाचं बघायचं, एवढंच तिचं तत्त्व, आणि ते सोलापुरात सगळ्यांचंच आहे.

"कसा हाय हात?" ती दारातनं विचारायची. "सावकाश होऊ द्या हो तिप्पण्णा. घाई करू नका. हात हाय, खेळ न्हाय."

"तुमची माया बघून जखमेलाबी जावंसं वाटंना, नायकीणबाई," तिप्पण्णा मान वर न करता म्हणायचा.

आठव्या दिवशी जखम चिंचोक्याएवढीच. अकराव्या दिवशी तिप्पण्णानं गाठ मारली, दोरा खिळ्याला लावला आणि बराच वेळ बघत राहिला. दोरा कालच्यापेक्षा भुसाच्या एका कणानं लांब होता. केराबाईनंही ते बघितलं. उजवा हात पदराखाली घेऊन गेली.

त्याच दुपारी डॉक्टर मासिक हातात घेऊन खोलीत आले. त्यांना ते कुणालातरी सांगायचंच होतं, आणि इंग्रजी समजणारा तिथं मी एकटा होतो. समजणारा म्हणजे मान हलवणारा. परदेशात कुणी उंदरांवर प्रयोग केले होते. काही उंदरांना थंडीत ठेवलं, काहींना दमेपर्यंत पळवलं, काहींना दुखापत केली. छळ वेगवेगळा, पण आत सगळ्यांचं एकच झालेलं. मूत्रपिंडांच्या डोक्यावर टोपीसारख्या दोन लहान ग्रंथी असतात, त्या सुजून मोठ्या झाल्या होत्या. संकट आलं की त्या रक्तात आपला रस सोडतात. आणि रोगाशी झुंजणाऱ्या पांढऱ्या पेशी ज्या गाठींत तयार होतात, त्या मात्र आटून सुकून गेल्या होत्या.

"म्हणजे असं बघा," डॉक्टर म्हणाले, "भीतीचा रस वाढला की शिपायांची छावणी ओस पडते. माणसातही असंच होतं का, हे अजून कुणी ठामपणे सांगत नाही. पण विचार करण्यासारखं आहे."

तिप्पण्णा कोपऱ्यात पट्ट्या गुंडाळत होता. तो हळूच म्हणाला, "साहेब, उंदरास्नी कशाला तरास दिला? आमच्या खिळ्यांवर बघायचं की."

डॉक्टरांनी भिंतीकडं बघितलं, हसले आणि गेले. तिप्पण्णा हसला नाही. हातातली पट्टी त्यानं दोनदा उलगडली आणि दोनदा गुंडाळली.

दुसऱ्या दिवशी केराबाई आली. तिप्पण्णानं हात धुतला, पिवळं औषध लावलं, खिशातलं रीळ काढलं, दोरा जखमेशेजारी धरला, गाठ मारली आणि पाठ वळवून तो खिळ्याला लावला. आदल्या दिवसाच्या दोऱ्यापेक्षा तो चांगला बोटाच्या पेराच्या चौथाईनं आखूड होता.

"बघ," तो म्हणाला. "उतरली."

केराबाई खिळ्याजवळ गेली. डाव्या हाताच्या चिमटीत तिनं तो दोरा धरला, जरा चोळला. मग तिप्पण्णाकडं बघितलं. पुन्हा दोऱ्याकडं. "बरं," म्हणाली, आणि गेली. किती दिवस राहिले हे विचारायला त्या दिवशी ती विसरली.

मी फुटपट्टी घेऊन उठलो तसा तिप्पण्णा म्हणाला, "भाऊसाहेब, ह्यो खिळा मोजा, पन मला काय इचारू नका."

मी न विचारता त्याच्याकडं बघत राहिलो. सरकारी नोकरीत नसलो तरी ती कला मला येत होती.

"घरनं करून आणला," तो शेवटी म्हणाला. "तिच्या डोळ्यादेखत आखूड कसा कापणार? तिची नजर घारीची. म्हनून शेजारच्या गौरम्माच्या मागावरचा तुकडा घेतला, गाठ मारली, मुठीत ठेवला. खरा दोरा ह्यो बघा खिशात."

"म्हणजे वहीत मी खोटं लिहायचं?"

"खोटं न्हाय." त्यानं विचार केला. "आगाऊ."

तेराव्या दिवशी केराबाई उशिरा आली. पट्ट्या बांधून घेणाऱ्यांची रांग संपत आली होती. चेहरा सुजल्यासारखा, केस तसेच.

"काय गं, दुकतंय?"

"न्हाय. झोप लागली," ती म्हणाली. तिलाच ते विचित्र वाटत होतं. "सासूनं उठवलं."

तिप्पण्णानं माझ्याकडं बघितलं. मी वहीकडं.

आणि चौदाव्या दिवशी त्याच्या खिशातला खरा दोरासुद्धा कालच्यापेक्षा आखूड भरला. फार नाही. पण भरला. पंधराव्या दिवशी आणखी. केराबाई आता दिवस विचारत नव्हती. आली की हात पुढं करायची, आणि तिप्पण्णा पट्टी बांधत असताना त्याच्या हाताकडं बघत बसायची, रिळावरचं सूत बघावं तशी. एकदा पोरींनी कोंबडीला टोपडं घातल्याची गोष्ट सांगितली. जखमेला आपली पुढं जायची घाई झाली होती, आणि तिप्पण्णाचं खोटं तिच्या पुढं पुढं पळत होतं, दम लागलेल्या माणसासारखं.

कारण तिप्पण्णाची अवस्था वाईट झाली होती. रोज संध्याकाळी गौरम्माच्या दारात उभं राहून तुकडा मागायचा, ती विचारायची काय शिवताय, हा म्हणायचा काय न्हाय. मग उद्याचा दोरा केवढा करायचा याची चिंता. फार आखूड केला तर पकडला जाणार, लांब ठेवला तर उपयोग नाही. डॉक्टरांनी हात बघितला तर? वही बघितली तर? नोकरी सतरा वर्षांची. जेवण जाईना. मानेवर, कॉलरच्या जरा वर, एक लाल पुळी आली होती ती पंधराव्या दिवशी बोराएवढी झाली.

"केसतोड आहे," मी म्हणालो.

"काई नाव द्या," तो म्हणाला. "कुटनं आलंय ते मला ठावं हाय."

अठराव्या दिवशी डॉक्टर केराबाईची वही मागवून बसले. एकवीस दिवस भरत आले की ते स्वतः बघत. मी वही पुढं केली. आकडे छान उतरत गेलेले. इतके छान की मलाच लाज वाटत होती.

"उत्तम," डॉक्टर म्हणाले. "पट्टी सोड, तिप्पण्णा."

तिप्पण्णाच्या कपाळावरून घाम निघाला आणि नाकाच्या टोकावर येऊन थांबला. तो पट्टी सोडू लागला. मी आजवर त्याला एवढ्या हळू पट्टी सोडताना बघितलं नव्हतं. आणि तो मुळातच हळू. शेवटचा वेढा निघाला. डॉक्टर वाकले. मग त्यांनी वहीतला आकडा बघितला, फुटपट्टी घेतली, जखमेशेजारी धरली.

"बरोबर आहे," ते म्हणाले.

आदल्या रात्रीतच केव्हातरी जखमेनं आमचं खोटं गाठलं होतं. तुरीच्या डाळीएवढी लाल, स्वच्छ, कोरडी. वही आणि हात पहिल्यांदाच एकमेकांना भेटत होते आणि त्यांचं पटलं. तिप्पण्णा स्टुलावर बसला.

"असंच राहिलं तर एकविसाव्या दिवशी शेरा देतो," डॉक्टर म्हणाले आणि गेले.

एकविसाव्या दिवशी शेरा मिळाला. केराबाई कागद घेऊन रिळाच्या खात्यात गेली. म्हाळसाबाईनं तो कागद उलटसुलट बघितला, वाचता येत नसताना, आणि बहिणीच्या पोरीला म्हणाली, "चल गं, उठ. दरवाजावर हुबी रहा. कुनाला तरी लागंलच की." त्यात विषारी काही नव्हतं. तिथं जागा अशाच होत होत्या.

इथं गोष्ट संपायला हवी होती. पण तिप्पण्णाची मान राहिली होती.

केराबाई गेली, खोटं संपलं, तरी केसतोड बसेना. डॉक्टरांनी चिरलं, पू काढला, पण जखम भरेना. दोन आठवडे झाले. स्वतःच्या मानेवर दोरा धरता येत नाही, म्हणून त्याचं मोजमापही होत नव्हतं. मी पट्टी बांधायचो. मला ती कला नाही, तो कण्हायचा आणि वरून माझ्या गाठीला नावं ठेवायचा.

"आता कसली काळजी?" मी एकदा विचारलं. "ती तर कामाला लागली."

त्यानं भिंतीकडं बोट केलं. "खिळे मोजा."

मी मोजले. सव्वीस होते.

"एका केराबाईपायी नऊ दिस मला झोप न्हवती. आनि ह्ये सव्वीस. सगळ्यांचा पयला सवाल तोच, किती दिस राह्यले. कुनाकुनासाठी दोरे करू? आनि न्हाय केले तर रोज त्यांच्या तोंडाकडं कसं बघू? आदी ठावं न्हवतं तवा बरं हुतं, भाऊसाहेब. मलम लावायचं आनि घरी जायचं."

याचं उत्तर गिरणीच्या नियमात नव्हतं. मासिकातही ते छापून आलं नसावं.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुट्टीत केराबाई दवाखान्यात आली. हाताला काही झालं नव्हतं. डाव्या हाताच्या तर्जनीवर सूत गुंडाळलेलं होतं.

"मामा, खाली बसा. मान वाकवा."

"कशाला?"

"कशाला म्हंजे? मोजायला. सगळ्या गिरनीची मापं घेता, तुमचं कोन घेनार?"

तो वाकला. तिनं माझी वेडीवाकडी पट्टी सोडली, त्याबद्दल माझ्याकडं एकदा बघितलं, आणि जखमेशेजारी दोरा धरला. रिळावरच्या बाईची गाठ; डोळ्याला दिसू नये, बोटाला कळावी अशी. मग दोरा त्याच्या चिमटीत दिला.

"धरा. चोळून बघा. ह्यो वीस नंबरचा हाय."

"बरं मग?"

"तुमच्या रिळाचं सूतबी वीसचंच. पन तुमी मला बाराव्या दिसापासनं चाळीसचा लावत हुता. बारीक. लुगड्याचा."

तिप्पण्णा वाकलेला तसाच राहिला. सुताचा मोठा नंबर म्हणजे बारीक दोरा, एवढं गिरणीच्या आसपास राहणाऱ्या कुणालाही ठाऊक असतं. सतरा वर्षं गिरणीत काढूनही त्याच्यासाठी दोरा म्हणजे दोरा होता. आणि ज्या बाईनं दिवसभर चिमटीत सूत धरून सहा वर्षं काढली, तिला तो असा दोरा दाखवून फसवायला निघाला होता.

"पयल्याच दिवशी कळलं?" त्यानं विचारलं.

"हातात धरल्याबरूबर."

"मग बोलली का न्हाईस?"

"काय बोलू? जखम तेवढीच हाय ह्ये मला दिसत हुतं की. माझाच हात." तिनं नवी पट्टी घेतली आणि बांधायला लागली, एका हाताला अजून जरा जपत. "पन घरी गेले आनि वाटलं, ह्या मानसाला माझ्यापायी घरनं दोरा कातरून आनावा वाटला. कुनाच्या तरी मागावरनं मागून आनला असंल. म्हंजे दिवस मी एकटीच मोजत न्हाय. मग पडले, तर झोपच लागली."

तिप्पण्णानं चिमटीतला दोरा पुन्हा एकदा चोळून बघितला.

"म्हंजे दोऱ्यानं काय झालं न्हाय," तिप्पण्णा शेवटी म्हणाला. आवाजात थोडी निराशा होती. शास्त्रज्ञाची असते तशी.

"मला काय ठावं? मी काय डाक्टर हाय?" केराबाईनं गाठ मारली. मग तिनं भिंतीवर बघितलं. तिप्पण्णाच्या नावाचा खिळा अर्थातच नव्हता. तिचा स्वतःचा होता, रिकामा झालेला, अजून नाव न पुसलेला. त्यावर तिनं त्याच्या मानेचा दोरा अडकवला.

भोंगा झाला. ती पदर खोचत दाराशी गेली, आणि वळून म्हणाली, "उद्या या, मामा."

दुसऱ्या दिवशी तिप्पण्णाच उशिरा आला. मी तिथं असताना असं कधी झालं नव्हतं. स्टुलापुढं रांग लागली होती. चेहरा सुजलेला, कोटाची गुंडी भलत्याच काजात. कुणाला काही न सांगता तो बसला, तो नेहमीचा सुस्कारा टाकला, आणि पुढच्या माणसाची पट्टी सोडायला लागला. तो रंग खात्यातला एक भाजलेला माणूस होता.

"किती दिस राह्यले हो?" त्या माणसानं विचारलं.

तिप्पण्णानं उलट विचारलं, "घरी कोन कोन असतं तुझ्या?" आणि तो माणूस सांगत असताना खिशातनं रीळ काढलं. मी मुद्दाम पुढं होऊन बघितलं. वीस नंबरचंच होतं, आणि दुसऱ्या मुठीत काही नव्हतं.